नाडीची लय बिघडली तर आजार मुरू देऊ नका

कामरेज, कडोदरा, उधना, डिंडोली, लिंबायत, पांडेसरा. सुरतेच्या या पट्ट्यात मराठी घरं किती आहेत हे वेगळं सांगायला नको. धुळे, नंदुरबार, जळगावकडून कुणी लूमवर कामाला आलं, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात लागलं, कुणी उसाच्या तोडीला आलं आणि इथलंच झालं. या सगळ्या घरांना एका आजाराबद्दल कळकळीने सांगायचं आहे. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात ए-फिब. नाव बोजड असलं तरी खूण साधी आहे. नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर सारखं राहत नाही. कधी दोन ठोके लगोलग पडतात, कधी मध्येच खंड पडतो, आणि या गोंधळाला कसलाच ताल नसतो. कुणाला छातीत धडधडतं, कुणाला जिना चढताना दम लागतो, कुणाला नुसता थकवा येतो. काहींना तर काहीच जाणवत नाही. पण या आजाराचा सगळ्यात मोठा घाव छातीवर पडत नाही, मेंदूवर पडतो. त्यालाच आपण लकवा किंवा पक्षाघात म्हणतो.

या आजाराबद्दल तीन गोष्टी सर्रास कानावर येतात. एक, ‘डॉक्टरांनी कॅल्शियम रोखायची गोळी दिलीय, म्हणून दूध-दही सोडलं.’ दुसरी, ‘धडधड आपोआप थांबली, आता कशाला दवाखाना?’ आणि तिसरी, ‘रक्त पातळ करायची गोळी किती दिवस खायची? बरं वाटत होतं, बंद केली.’ तिन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्याने हाडांचं नुकसान होतं, दुसऱ्याने हातची वेळ जाते आणि तिसऱ्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. नुसतं ‘असं करू नका’ म्हटलं की चार दिवस लक्षात राहतं. आत काय बिघडतं ते एकदा समजलं की आपणच ते करत नाही. म्हणून आधी हृदयाच्या पेशीत डोकावून पाहू.

कॅल्शियम किती, यापेक्षा दार केव्हा उघडतं

हृदयाला कॅल्शियम लागतं हे जगाला कळलं १८८३ मध्ये, तेही एका चुकीमुळे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचे ठोके पाहत होते. हृदय छान चालत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की मदतनिसाने शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला, तर ठोके हळूहळू मंदावले आणि थांबले. नळाच्या पाण्यात असलेलं आणि शुद्ध पाण्यात नसलेलं जे काही होतं ते कॅल्शियम होतं. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर ‘आर. एल.’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर. म्हणजे कॅल्शियम हृदयाचा शत्रू नाही, त्याच्यावाचून हृदय आकुंचनच पावणार नाही.

मग बिघडतं काय? इथे आपल्या तापीचंच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं, ते अनेक घरांनी अनुभवलं आहे. धरणात पाणी असणं वाईट नाही. त्याच पाण्यावर इथली शेती आहे. खालच्या गावांचं भलंबुरं ठरतं ते गेट केव्हा उघडलं, किती उघडलं आणि किती वेळ उघडं राहिलं यावर. हृदयाच्या पेशीचंही तसंच आहे. तिच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यांनाच आयन चॅनल म्हणतात. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, कॅल्शियमचं वेगळं. अशा एकेका दारातून जाणारा विजेचा बारीकसा प्रवाह मोजायची पद्धत जर्मनीतल्या एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमन यांनी शोधली, त्यासाठी १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

एका ठोक्यात काय होतं ते जवळून पाहू. पेशी विश्रांतीत असते तेव्हा तिच्या आतल्यापेक्षा बाहेर कॅल्शियम सुमारे दहा हजार पट असतं. विजेची लहर आली की आधी सोडियमची दारं उघडतात. सोडियम आत घुसतं आणि पेशी जागी होते. लगेच कॅल्शियमची दारं उघडतात. त्यातून येणारं कॅल्शियम थोडंच असतं, पण पेशीच्या आत कॅल्शियमचा स्वतंत्र साठा असतो. बाहेरून आलेलं थोडं कॅल्शियम त्या साठ्याचं दार उघडतं, साठ्यातून भरपूर कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. हाच ठोका. मग पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत होते. सांडलेलं कॅल्शियम एक पंप परत साठ्यात भरतो, आणि जेवढं बाहेरून आलं होतं तेवढं पेशीबाहेर टाकलं जातं. हे सगळं एका सेकंदाच्या आत उरकतं, आणि दिवसाला सुमारे एक लाख वेळा होतं. प्रत्येक दाराने आपल्या वेळेला उघडायचं आणि वेळेला बंद व्हायचं, एवढ्यावर नाडीची लय टिकून असते.

एक दिवसाचा पाहुणा मुक्कामाला कसा येतो

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. ए-फिबचा गोंधळ वरच्या कप्प्यांत असतो. रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला असला, झडप म्हणजे वाल आवळलेला असला किंवा वजन फार वाढलं तर वरचे कप्पे ताणले जातात. थायरॉईड वाढणं, दारू, झोपेत श्वास अडकून जोराने घोरणं यांचाही त्यांच्यावर वाईट परिणाम होतो. अशा पेशींत कॅल्शियमच्या साठ्याचं दार नीट मिटत नाही, ते गळू लागतं. दोन ठोक्यांच्या मधल्या शांत वेळातही कॅल्शियम झिरपत राहतं. पेशी ते बाहेर टाकायला धडपडते, पण टाकायची तिची रीत अशी की एक कॅल्शियम बाहेर जाताना तीन सोडियम आत येतात. या देवघेवीत आत धन विद्युतभार वाढतो आणि पाळी नसताना ठोका सुटतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातले डॉक्टर मिशेल हायसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की असे आगंतुक ठोके बहुतेक वेळा फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडापाशी उगम पावतात. ए-फिबसाठी आज जे ॲब्लेशन करतात, ते याच शिरांच्या तोंडाभोवतीचा मार्ग तोडण्यासाठी.

एकदा वरच्या कप्प्यांत हा गोंधळ माजला की तिथे मिनिटाला ३५० ते ६०० विजेच्या लहरी फिरू लागतात. कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. इतक्या लहरींबरोबर पेशीत कॅल्शियमचा लोंढा येतो. पेशी स्वतःला वाचवायला कॅल्शियमची दारं कमी करते आणि पोटॅशियमच्या काही वाटा वाढवते. तिच्या दृष्टीने हा बचाव असतो, पण तोच तिच्या अंगाशी येतो. कारण त्यामुळे प्रत्येक लहर आखूड होते, पेशी गरजेपेक्षा लवकर पुन्हा तयार होते, आणि भटकणाऱ्या लहरींना फिरत राहायला मोकळी वाट मिळते.

नेदरलँडमधल्या मास्ट्रिश्ट शहरात मॉरिट्स अ‍ॅलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे बकऱ्यांवर दाखवून दिलं. सुरुवातीला यंत्राने ए-फिब सुरू केलं की ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. मग यंत्राने ते पुन्हापुन्हा सुरू करत ठेवलं. पहिल्या २४ तासांतच कप्प्याच्या पेशी बदलू लागल्या. साधारण आठवड्याभरात ११ पैकी १० बकऱ्यांमध्ये ए-फिब २४ तासांहून जास्त टिकू लागलं, यंत्राची गरजच उरली नाही. आजाराने स्वतःच स्वतःची जागा पक्की केली. माणसांत हा वेग वेगवेगळा असतो. कुणात महिने जातात, कुणात वर्षं. पण दिशा हीच असते. पुढे पेशींच्या मध्ये तंतू साचतात, कप्पा मोठा होतो, आणि मग गोळ्यांना किंवा ॲब्लेशनलाही यश येणं कठीण होतं.

म्हणून ‘धडधड आपोआप थांबली’ याचा अर्थ बरं झालं असा घेऊ नका. या आजाराची सुरुवात अशीच येऊन-जाऊन होते आणि हाताळायला सर्वांत सोपी वेळही तीच असते. जर्मनीतून चाललेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईस्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं. निदान झाल्यापासून पहिल्या वर्षातच लय सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांना पक्षाघात आणि हृदयाच्या इतर गुंतागुंतीचा त्रास कमी झाला.

मग लकवा कुठून येतो?

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त वाहतं राहत नाही, रेंगाळतं. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा पिशवीसारखा कोपरा असतो. बहुतेक वेळा तिथेच रक्त साकळतं. त्या गुठळीचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकतो. मेंदूची नस बंद पडते, तोंड वाकडं होतं, एक बाजू लुळी पडते, वाचा जाते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवर अनेक दशकं चाललेल्या अभ्यासात दिसलं की ए-फिब असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. वाल खराब असून ए-फिब असेल तर तो सतरापटीच्या आसपास जातो. नाडी हळू आहे की जलद, धडधड जाणवते की नाही, याच्याशी त्या गुठळीचं देणंघेणं नाही. काहीच न जाणवणाऱ्यालाही ती होऊ शकते.

हा आजार आपल्यापासून लांब नाही

कामरेजहून हायवेने वर गेलं की आणंद जिल्हा लागतो. तिथल्या ५० गावांत चाळिशी ओलांडलेल्या सुमारे २,१०० लोकांची मोबाईलला जोडता येणाऱ्या छोट्या ईसीजी यंत्राने घरोघर तपासणी झाली. ‘स्मार्ट इंडिया’ नावाच्या या अभ्यासात सुमारे दीड टक्का लोकांमध्ये ए-फिब सापडलं. ही गावं गुजरातचीच. शेती, गुरंढोरं, कष्टाची कामं, तीच आपली माणसं.

भारतीय रुग्णांचं आणखी एक वेगळेपण आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशातल्या २४ केंद्रांतून १,५०० हून अधिक ए-फिब रुग्णांची नोंद केली. त्यांचं सरासरी वय ५५ वर्षांच्या आसपास होतं, आणि जवळपास निम्म्यांच्या आजाराचं मूळ वाल खराब होण्यात होतं. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने सत्तरीतल्या लोकांचा आजार आहे. आपल्याकडे तो कमावत्या वयात गाठतो, आणि त्याची मुळं बऱ्याचदा लहानपणी झालेल्या सांधेतापात असतात.

सांधेताप कसा होतो हे पालकांनी जरूर समजून घ्यावं. विशिष्ट जंतूने मुलाचा घसा सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण काही मुलांच्या हृदयाची झडप त्यातून कायमची खराब होते आणि वीस-तीस वर्षांनी ए-फिब होऊन पुढे येते. दाटीवाटीची वस्ती आणि एका खोलीत आठ-दहा माणसं असली की घशाचा जंतू पटकन पसरतो. कामरेज, बारडोलीकडच्या साखर कारखान्यांसाठी दिवाळीनंतर खानदेशातून आणि डांगमधून ऊसतोडीची माणसं येतात. बांधावरच्या तळावर मुलाबाळांसह उन्हाळ्यापर्यंत राहतात. ज्या मुलाला एकदा सांधेताप झाला, त्याला साधारण दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, म्हणजे झडपेवर पुन्हा हल्ला होत नाही. गाव सोडताना नेमकी हीच साखळी तुटू शकते. टोळीचे मुकादम, कारखान्याचे पदाधिकारी आणि तळाजवळच्या शाळेतले शिक्षक यांना हात जोडून विनंती आहे: टोळीत असं एखादं मूल असेल तर त्याच्या इंजेक्शनचं कार्ड विचारा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात त्याचं पुढचं इंजेक्शन चुकू देऊ नका. या एका कामाने तिशीत येणारा लकवा टळू शकतो.

गोळ्यांचा कागद वाचायला शिका

ए-फिबच्या रुग्णाच्या कागदावर साधारण तीन प्रकारच्या गोळ्या असतात.

पहिला प्रकार ठोके हळू करणाऱ्या गोळ्यांचा. वरच्या कप्प्यातल्या शेकडो लहरी खाली जाताना दोन कप्प्यांच्या मधल्या एका गाठीतून जातात. ही गाठ मुख्यतः कॅल्शियमच्या दारांवर चालते. डिल्टियाझेम किंवा वेरापामिल ती दारं अर्धवट रोखतं, त्यामुळे खाली कमी ठोके पोहोचतात. मेटोप्रोलोलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या दुसऱ्या वाटेने तेच काम करतात. इथे एक घोळ नेहमी होतो. ब्लडप्रेशरसाठी बऱ्याच घरांत अ‍ॅम्लोडिपिन असते. तीही कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच आहे, पण ती मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करते, ए-फिबचे ठोके हळू करत नाही. म्हणून ‘माझ्याकडेही कॅल्शियमचीच गोळी आहे’ म्हणत शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. हृदयाचा पंप कमजोर झालेल्या रुग्णाला डिल्टियाझेम आणि वेरापामिल घातक ठरू शकतात, आणि बीटा ब्लॉकरबरोबर घेतल्या तर ठोके फारच मंद पडू शकतात.

दूध-दही मात्र बंद करायचं कारण नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतः ठरावीक मर्यादेत राखतं, आणि कॅल्शियम रोखणारी गोळी फक्त दारावर काम करते. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. पोषणाबाबत डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळा, नाहीतर वाटीभर दही खा.

काहींना डिगॉक्सिन असते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह वनस्पतीबद्दल लिहिलं, त्या वनस्पतीच्या वंशातलं हे औषध. आपल्याकडे ते बऱ्याचदा आठवड्यातून पाच दिवस घ्यायला सांगतात, म्हणून कागदावर दोन दिवसांपुढे काट मारलेली असते. ती काट औषधाचाच भाग आहे, मनाने सातही दिवस घेऊ नका. सुरतेच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी झालं, तर डिगॉक्सिन विषासारखं वागू शकतं. मळमळ, भूक मरणं, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणं ही त्याची लक्षणं आहेत. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा प्रकार लय परत आणणाऱ्या गोळ्यांचा. फ्लेकेनाइड सोडियमची दारं रोखतं, अमिओडेरोन मुख्यतः पोटॅशियमची, शिवाय इतरही. अमिओडेरोनमध्ये आयोडीन असतं, म्हणून ती चालू असेपर्यंत थायरॉईड आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. या गोळ्या हृदयतज्ज्ञानेच ठरवायच्या.

तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांचा. कॅल्शियमचं दार सुधारलं, नाडी शांत झाली, तरी ही गोळी बऱ्याचदा चालूच ठेवावी लागते. कारण ती धडधडीसाठी नसते, लकव्यापासून वाचवण्यासाठी असते. कुणाला ती लागते हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा कमजोरपणा, आधीचा पक्षाघात अशा गोष्टी मोजून डॉक्टर ठरवतात. वाल आवळलेला असेल तर ती सहसा लागतेच. अशा रुग्णांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमसारखी जुनी गोळीच द्यावी, हे २०२२ मध्ये सांधेतापाने वाल खराब झालेल्या ४,५०० हून अधिक ए-फिब रुग्णांवर झालेल्या ‘इनव्हिक्टस’ अभ्यासात दिसलं. नव्या गोळीपेक्षा जुनी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले. ती चालू असेल तर आयएनआर म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी वेळच्या वेळी करा. तो आकडा साधारण २ ते ३ मध्ये राहावा, असं बहुतेकांना सांगतात. पालक, मेथी, शेपू बंद करू नका. आठवड्याला जेवढी खात होतात तेवढीच खात राहा, कारण एकदम वाढवली किंवा एकदम सोडली की आकडा हलतो. दिवस जायचा विचार असेल तर ही गोळी घेणाऱ्या ताईंनी आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण गर्भावर तिचा परिणाम होऊ शकतो.

इकोस्प्रिन ही त्या गोळीला पर्याय नाही. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे’ असं सांगणाऱ्या अनेकांच्या हातात इकोस्प्रिनचीच पट्टी असते. ए-फिबमधल्या गुठळीपासून ती पुरेसं संरक्षण देत नाही. आणि रक्त गोठू न देणारी गोळी चालू असताना अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणून खाऊ नका, पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्याला मार बसला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा.

तुम्ही काय करायचं

नाडी बघायला यंत्र लागत नाही. पाच मिनिटं स्वस्थ बसा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट हलकं ठेवा, आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आकड्याइतकाच तालही महत्त्वाचा. ठोका-ठोका-ठोका असा सारखा लागला तर ठीक. अधूनमधून एखादाच ठोका चुकला तर ते बहुतेकदा ए-फिब नसतं. पण पूर्ण मिनिटभर काहीच ताल लागत नसेल, किंवा ब्लडप्रेशरच्या मशीनवर पुन्हापुन्हा अनियमित ठोक्याची खूण येत असेल, तर ईसीजी काढा. निदान ईसीजीवरच होतं. नियमित लयीत प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी एक छोटी टेकडीसारखी लहर दिसते. ए-फिबमध्ये ती दिसत नाही, तिच्या जागी नुसती थरथर असते आणि मोठ्या ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं. धडधड होत असतानाच ईसीजी काढलेला बरा. थांबल्यावर काढला तर तो अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवतात. अशा वेळी दिवसभर लावून ठेवायच्या होल्टर तपासणीबद्दल विचारा. निदान झालं तर हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, थायरॉईड, आणि रक्तातलं पोटॅशियम या तपासण्या विचारून घ्या. तरुण वयात ए-फिब झालं असेल आणि घरात आणखी कुणाला असेल तर तेही सांगा. चीनमधल्या एका कुटुंबात २००३ मध्ये पोटॅशियमच्या दाराच्या जनुकात दोष सापडला होता, म्हणजे हा आजार काही घराण्यांत वारशानेही येऊ शकतो.

रक्तदाब आवाक्यात ठेवा. वजन जास्त असेल तर कमी करा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे की ज्यांनी वजन १० टक्के किंवा जास्त उतरवून टिकवलं, त्यांची लय सुरळीत राहण्याची शक्यता सहापट होती. दारू सोडा. गुजरातमध्ये बंदी असली तरी कोण कुठे जाऊन पितं हे घरच्यांना माहीत असतं. जोराने घोरणाऱ्याला, दिवसा पेंगणाऱ्याला झोपेची तपासणी सुचवा.

लकव्याची लक्षणं घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या: चेहरा एका बाजूला ओघळणं, एक हात वर न राहणं, बोलणं अडखळणं किंवा न समजणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. लक्षण दिसलं की १०८ लावा. मालिश, भगत, घरगुती काढा यात वेळ घालवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातलं एकेक मिनिट मेंदूचा भाग वाचवतं. लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा कागद बरोबर न्या. रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना कळणं फार गरजेचं असतं.

खर्चाची चिंता खरी आहे. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर आयुष्मान कार्ड उपयोगी पडतं, म्हणून ते आधीच काढून ठेवा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे अनेक औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. परवडत नाही म्हणून गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली? तेच परवडणारा पर्याय देऊ शकतात.

मराठी मंडळं, गणेशोत्सव समित्या, महिला बचत गट, सोसायट्यांचे अध्यक्ष, तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. रक्तदान शिबिरं आपण घेतोच. यंदा एक ईसीजी शिबिर घ्या, आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला, रक्तदाब-मधुमेह असलेल्याला आणि लहानपणी सांधेताप झालेल्याला त्यात बोलवा. ज्यांना ए-फिब सापडेल त्यांना तिथल्या तिथे हृदयतज्ज्ञाकडे पाठवा आणि महिनाभराने त्यांनी गोळ्या सुरू केल्या की नाही ते विचारा. आणि ज्यांच्या घरी रक्त गोठू न देणारी गोळी आधीच चालू आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: गावी लग्नाला जाताना, सणाला जाताना, तोडीच्या फडावर जाताना ती पिशवीत आहे की नाही बघा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही ती बंद करू नका.